पन्नाशीनंतर संगणकाचा वर्ग लावताना

प्रश्न विचारणाऱ्या बाई ५३ वर्षांच्या आहेत. मोबाइलवर त्या निरोप पाठवतात, पैसे भरतात आणि फोटोही काढतात, परंतु कार्यालयातले सगळे काम आता संगणकावर आले आहे आणि माउस हातात घेतला की आपल्याला काही येत नाही असे त्यांना वाटू लागते. भाची समोर बसून दाखवते तेव्हा सगळे समजते, पण दुसऱ्या दिवशी त्यातले काहीच आठवत नाही. वर्ग लावावा का, लावायचा तर कोणता निवडावा, आधी संगणक विकत घ्यावा का, मराठी टंकलेखन शिकावे का आणि मुख्य म्हणजे या वयात ते डोक्यात राहील का, असे त्यांनी विचारले आहे. प्रौढांना संगणक शिकवण्याचे काम मी बऱ्याच वर्षांपासून करत आहे, त्या अनुभवावरून हे उत्तर देत आहे.

वर्ग अवश्य लावा. पण त्याआधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचा विचार करू, कारण वर्गाची निवड त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने विस्मरणाचे मोजमाप करून १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरजोड्यांच्या लांबलचक याद्या पाठ करायच्या आणि किती वेळाने किती विसरले ते मोजायचे, असा प्रयोग त्याने स्वतःवरच केला होता. पाठ केलेल्यातला मोठा भाग पहिल्या काही तासांतच निसटतो आणि मग गळतीचा वेग मंदावतो, असे त्याला आढळले. हा प्रयोग करणारा माणूस तेव्हा तिशीच्या आसपासचा होता, हे तुम्ही ध्यानात घ्यावे. ‘वर डावीकडे दाबा, मग तिसऱ्या ओळीवर जा, मग खालचे दुसरे बटण’ असे भाची सांगते तेव्हा तीही तुम्हाला एक निरर्थक यादीच देत असते, कारण वर डावीकडे काय आहे आणि तेथेच का जायचे हे तुम्हाला कळलेले नसते. अशी यादी विशीतला मुलगाही दुसऱ्या दिवशी विसरतो. फरक इतकाच की तो विसरल्याची लाज न बाळगता कोठेतरी दाबून पाहतो. तुमच्या स्मरणशक्तीला दोष देण्याचे कारण मला दिसत नाही. तुम्हाला पायऱ्या मिळाल्या, मांडणी मिळाली नाही, आणि मांडणी कळण्यासाठी स्वतःच्या हाताने चुकावे लागते. चांगला वर्ग ओळखण्याची कसोटी यातूनच मिळते.

प्रवेश घेण्याआधी चालू वर्गात अर्धा तास बसू देण्याची विनंती करा आणि त्या अर्ध्या तासात शिकवणाऱ्याच्या हाताकडे पाहत राहा. विद्यार्थी अडला की शिक्षक त्याच्या हातातला माउस घेऊन ‘हे बघा, असं’ म्हणत चटकन करून दाखवत असेल, तर तो कितीही प्रेमळ असला तरी तो वर्ग तुमच्या उपयोगाचा नाही. जो शिक्षक हात पाठीमागे बांधून उभा राहतो आणि ‘आता पडद्यावर काय लिहिले आहे ते मला वाचून दाखवा’ असे म्हणतो, त्याच्याकडे जावे. ही सवय मला स्वतःला लागायला फार वेळ लागला. समोरचा माणूस पाच सेकंदांच्या कामासाठी तीन मिनिटे चाचपडतो तेव्हा हात आपोआप पुढे जातो, आणि त्या तीन मिनिटांतच त्याचे शिकणे चाललेले असते हे मला बऱ्याच उशिरा उमगले. एका संगणकावर एकच विद्यार्थी बसतो ना, हेही पाहून घ्या. दोघे बसले की ज्याला थोडे अधिक येते तोच सगळे करतो आणि दुसरा मान डोलावत राहतो.

वेळापत्रक विचारा. रविवारी सलग तीन तासांपेक्षा आठवड्यातून तीन दिवस एकेक तास अधिक लाभदायक ठरतो, कारण मध्ये गेलेल्या दिवसांत विसरलेले पुन्हा आठवावे लागते आणि त्या आठवण्यानेच ते पक्के होते. पहिल्या दिवशी काय शिकवता, हेही विचारून घ्या. निर्वात नळ्यांच्या पहिल्या पिढीपासून संगणकाचा इतिहास आणि आकृती काढून यंत्राचे भाग असे उत्तर आले, तर दुसरा वर्ग शोधलेला बरा. सुरुवातीच्या काळात मीही पहिले दोन तास त्यातच घालवत असे. विद्यार्थी ते सगळे सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घेत आणि तिसऱ्या दिवशी माउस उलटा धरत.

आता माउसविषयी, कारण तुमची अडचण तेथूनच सुरू होते. डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे हे साधन पहिल्यांदा मोठ्या जनसमुदायासमोर चालवून दाखवले, आणि त्यांचा सुरुवातीचा नमुना चक्क लाकडी होता. हात टेबलावर फिरतो आणि खूण पडद्यावर हलते, म्हणजे डोळ्यांनी एकीकडे पाहायचे आणि हाताने दुसरीकडे काम करायचे. मोबाइलवर बोट जेथे टेकते तेथेच काम होते, त्यामुळे मोबाइल सराईतपणे वापरणाऱ्या माणसालाही हा समन्वय नव्याने कमवावा लागतो. सायकलचा तोल जसा समजावून सांगता येत नाही, तसाच हाही सांगून येत नाही. रोज पंधरा मिनिटे याप्रमाणे आठवडाभरात तो बसतो. मनगट टेबलावर टेकलेले असावे, पकड सैल असावी आणि बोटाने दाबताना माउस जागचा हलू नये. माउस टेबलाच्या कडेला पोचला की तो उचलून पुन्हा मध्ये ठेवायचा असतो, कारण उचलल्यावर पडद्यावरची खूण जागची हलत नाही. ही एवढीशी गोष्ट न सांगितल्यामुळे टेबलाबाहेर हात ताणून बसलेले कितीतरी लोक मी पाहिले आहेत.

डबल क्लिक, म्हणजे माउसचे बटण पटकन दोनदा दाबणे, जमत नाही, ही तक्रार हमखास येते. विंडोजमध्ये, म्हणजे बहुतेक कार्यालयांतले संगणक ज्या मूळ प्रणालीवर चालतात तिच्यात, दोन क्लिकमधले अंतर मुळात ५०० मिलिसेकंद, म्हणजे अर्धा सेकंद, ठरवून दिलेले असते. त्याहून अधिक वेळ लागला तर संगणक त्यांना दोन वेगवेगळे क्लिक समजतो. माउसच्या सेटिंगमध्ये जाऊन हे अंतर वाढवता येते आणि खुणेचा वेगही कमी करता येतो. शिक्षकाला पहिल्याच दिवशी हे करायला सांगा, त्यात संकोच वाटण्याजोगे काही नाही. ते होईपर्यंत फाइलच्या चित्रावर एकदा क्लिक करून एंटर दाबले तरी तेच काम होते. उलट बाजूची चूकही लोक करतात. एकदा डबल क्लिक जमला की ते सगळीकडे तोच करू लागतात, आणि इंटरनेटवरचा अर्ज दोनदा पाठवला जातो. इंटरनेटवरील पानांवर एकच क्लिक पुरतो. संगणकावरच्या फाइल आणि फोल्डर उघडताना दोन लागतात, एवढे सूत्र सुरुवातीला पुरे आहे. सरावासाठी पत्त्यांचा सॉलिटेअर खेळा. विंडोजबरोबर हा खेळ १९९० पासून येऊ लागला, आणि पान उचलून दुसरीकडे नेऊन सोडण्याची हाताला सवय लावणारा त्याच्याइतका चांगला शिक्षक मला अजून भेटलेला नाही.

यापुढचा विषय मी सर्वांत महत्त्वाचा मानतो आणि बहुतेक वर्गांत तो एका तासात उरकला जातो. तो विषय म्हणजे फाइल कोठे आहे. मोबाइलने ही गोष्ट आपल्यापासून लपवून ठेवलेली आहे. फोटो हवा असेल तर फोटोंचे अ‍ॅप उघडायचे, निरोप हवा असेल तर निरोपांचे. वस्तू प्रत्यक्षात कोठे साठवली आहे हे विचारण्याची वेळ तेथे सहसा येत नाही. संगणकावर मात्र प्रत्येक फाइलला पत्ता असतो, म्हणजे ती एका फोल्डरमध्ये असते, तो फोल्डर दुसऱ्या फोल्डरमध्ये असतो आणि शेवटी हे सगळे एखाद्या डिस्कवर असते. वर्ड किंवा एक्सेल हे त्या फाइलचे घर नव्हे, ते तिच्यावर काम करण्याचे साधन आहे. ‘माझं पत्र वर्डमध्ये आहे’ असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला मी पेन दाखवतो आणि विचारतो की तुमचे कालचे पत्र या पेनमध्ये आहे का.

माझ्या वर्गातील एका गृहस्थांनी तीन पानांचा अर्ज तीन वेळा लिहून काढला होता. पहिल्यांदा त्यांनी तो साठवलाच नाही. दुसऱ्यांदा साठवला, पण कोठे ते पाहिले नाही. तिसऱ्यांदाची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. सहकाऱ्याने ईमेलने पाठवलेला नमुना त्यांनी ईमेलमधूनच उघडला, त्यात दोन तास मजकूर भरला, साठवाचे बटणही दाबले आणि दुसऱ्या दिवशी तोच ईमेल पुन्हा उघडला, तेव्हा नमुना कोराच होता. ईमेलला जोडून आलेली फाइल उघडताना संगणक तिची एक प्रत कोठेतरी तात्पुरत्या जागी ठेवतो, आणि त्यांचे दोन तासांचे काम त्या प्रतीत होते. ईमेलमधली मूळ फाइल तेथे जशीच्या तशी राहते. म्हणून जोडून आलेली फाइल आधी डाउनलोड करावी, ठरलेल्या फोल्डरमध्ये हलवावी आणि मगच उघडावी. असे नुकसान एकदा सोसलेला माणूस ही शिस्त पुन्हा कधी मोडत नाही, पण तुम्ही ते सोसावे असे मला वाटत नाही.

वर्गात नसेल तर घरी एक सराव करा. स्वतःच्या नावाचा फोल्डर तयार करा आणि त्याच्या आत आणखी दोन करा. चार ओळींची एक फाइल लिहून ती पहिल्यात साठवा, प्रोग्रॅम पूर्ण बंद करा आणि फाइल पुन्हा शोधून उघडा. मग तिचे नाव बदला, ती दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा, तिची प्रत काढा, प्रत पुसा आणि पुसलेली प्रत रीसायकल बिनमधून परत आणा. हे सगळे न विचारता सलग तीन दिवस जमले की तुमचा निम्मा अभ्यासक्रम संपला असे मी समजतो. त्यानंतर ‘सेव्ह’ आणि ‘सेव्ह अ‍ॅज’ यांतला फरक नीट समजून घ्या. पहिल्याने जुन्या मजकुरावर नवा मजकूर बसतो, तर दुसऱ्याने जुनी फाइल तशीच राहून नवी तयार होते. गेल्या वर्षीचे पत्र उघडून त्यात बदल करून यंदाचे पत्र तयार करण्याची आपल्या सर्वांना सवय असते, आणि तेथे पहिले बटण दाबले की गेल्या वर्षीचे पत्र कायमचे जाते. फाइलला नाव देताना सुरुवातीला वर्ष, मग महिना आणि मग दिवस असे आकडे घातले, तर नावानुसार लावलेल्या यादीत फाइल आपोआप तारखेच्या क्रमाने येतात. ‘नवीन’, ‘नवीन १’, ‘अंतिम’ आणि ‘अंतिम खरे’ अशा नावांनी भरलेले फोल्डर मी अनुभवी लोकांकडेही पाहिले आहेत.

भीतीबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल. आपण काहीतरी दाबू आणि सगळे बिघडेल, ही धास्ती घेऊन जवळजवळ प्रत्येक प्रौढ विद्यार्थी येतो. लहान मुलांना ती नसते म्हणून ती लवकर शिकतात, बुद्धीचा त्यात फारसा संबंध नाही. या धास्तीवर माझा उपाय असा की दुसऱ्याच तासाला मी सर्वांना दहा ओळी लिहायला लावतो, मग संपूर्ण मजकूर निवडून पुसायला लावतो आणि पडदा कोरा झाल्यावर कंट्रोल धरून झेड दाबायला सांगतो. मजकूर परत येतो तेव्हा वर्गात जो सुस्कारा ऐकू येतो, तो ऐकण्यासाठी मी अजूनही शिकवतो असे म्हटले तरी चालेल. कापणे, प्रत काढणे आणि चिकटवणे या क्रिया १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवल्या. शिकणाऱ्याला कमीत कमी अडथळा यावा, हा त्यांचा आग्रह होता. तुमच्यासारखा माणूस डोळ्यांसमोर ठेवूनच या गोष्टी रचलेल्या आहेत, हे लक्षात आले की यंत्राविषयीचा परकेपणा थोडा कमी होतो.

तरीही सगळेच मागे घेता येते असे मी सांगणार नाही. पाठवलेला ईमेल काही सेकंदांनंतर परत येत नाही. हस्तांतरित केलेले पैसे कंट्रोल झेडने परत येत नाहीत. जुन्या फाइलवर साठवून प्रोग्रॅम बंद केला की आधीचा मजकूर सहसा मिळत नाही. शिफ्ट धरून डिलीट दाबले, तर फाइल रीसायकल बिनमध्ये न जाता थेट जाते, आणि पेन ड्राइव्हवरून पुसलेल्या फाइलींचेही बहुधा तेच होते. या मोजक्या ठिकाणी थांबून वाचावे आणि बाकी सगळीकडे बिनधास्त दाबून पाहावे. वाचावे यावर माझा भर आहे. पडद्यावर मध्येच एखादी चौकट येते तेव्हा घाबरलेला माणूस ती न वाचताच ‘ओके’ किंवा फुलीवर क्लिक करून घालवतो आणि मग काय झाले ते त्याला सांगता येत नाही. त्या चौकटींमध्ये फिरूनफिरून तेच वीस-पंचवीस इंग्रजी शब्द येत असतात: सेव्ह, कॅन्सल, रिप्लेस, डिलीट, अलाउ, डिस्कार्ड आणि असेच काही. ते अर्थासह वहीत लिहून काढा. विंडोजचा चेहरामोहरा मराठीत करून घेता येतो, पण तुम्हाला कार्यालयात इंग्रजी पडद्यासमोर बसायचे असेल तर शिकतानाही इंग्रजीच ठेवावा असे माझे मत आहे. नाहीतर ‘जतन करा’ शोधणारी नजर तेथे गोंधळते.

टंकलेखन शिकावे, पण वेगाच्या मागे लागू नये. आजची इंग्रजी अक्षररचना १८७४ मध्ये बाजारात आलेल्या शोल्स आणि ग्लिडन यांच्या टंकयंत्राच्या वंशातली आहे, तेव्हा ती अवघड वाटली तर त्यात तुमचा दोष नाही. एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात, त्यांवर दोन्ही तर्जन्या ठेवायच्या आणि खाली न पाहता लिहायचे, एवढी सवय दिवसाला दहा मिनिटे देऊन लावावी. मराठीसाठी रोमन अक्षरांत लिहून देवनागरी उमटवण्याची सोय लगेच जमते, आणि तुम्हाला महिन्यातून दोन पत्रेच लिहायची असतील तर ती पुरेशी आहे. रोज मराठीत काम करायचे असेल, तर इन्स्क्रिप्ट ही रचना शिका. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात, आणि अल्पप्राण अक्षराच्याच कळेवर शिफ्ट धरून महाप्राण मिळते, म्हणजे क च्या कळेवर ख आणि ग च्या कळेवर घ. बाराखडी येणाऱ्या माणसाला ही रचना दोन-तीन आठवड्यांत तर्काने समजते. ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण टाइप करायची अक्षरानंतर, एवढे एकच वळण सुरुवातीला अडते. वर्गात जुन्या टंकयंत्राच्या धर्तीचा एखादा फॉन्ट शिकवत असतील, तर तो युनिकोड आहे का हे विचारा. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली आणि तिच्यात प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. जुन्या फॉन्टमध्ये मात्र इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी चित्रे बसवलेली असत, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तुमचे पत्र अगम्य चिन्हांचे दिसते आणि शोधूनही सापडत नाही.

कार्यालयासाठी एक्सेलची प्राथमिक ओळख लागेलच. तेथे माझा एकच आग्रह असतो की पहिल्या दिवसापासून सूत्र लिहायचे, म्हणजे हिशेब संगणकालाच करायला सांगायचा. खर्चाचे आकडे सुबकपणे रकान्यात भरून, खिशातल्या कॅल्क्युलेटरवर बेरीज करून ती शेवटच्या चौकटीत टाइप करणारे विद्यार्थी प्रत्येक तुकडीत असतात. मधला एक आकडा बदलला की त्यांची बेरीज जुनीच राहते. एका पानात १०,४८,५७६ ओळी मावतात असे सांगितले की त्यांना कॅल्क्युलेटर खिशात ठेवावासा वाटतो. वर्डमध्ये याच जातीची चूक म्हणजे मजकूर उजवीकडे नेण्यासाठी वीस वेळा स्पेस दाबणे आणि नवे पान यावे म्हणून एंटर दाबत राहणे. कंट्रोल धरून एंटर दाबले की नवे पान मिळते.

सुरक्षेबाबत वर्गात सहसा भीतीच अधिक घातली जाते, म्हणून कामापुरते सांगतो. वर्गातल्या संगणकावर स्वतःचे ईमेल खाते उघडले असेल, तर उठण्याआधी त्यातून बाहेर पडा, नुसती खिडकी बंद करून भागत नाही. पासवर्ड लक्षात ठेवण्याची सक्तीही स्वतःवर करू नका. वेगवेगळे आणि लांब पासवर्ड वहीत लिहून ती वही घरी कुलपात ठेवणे हे एकच सोपा पासवर्ड सगळीकडे वापरण्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे. ‘पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसले म्हणजे संकेतस्थळ खरे’ असे अजूनही काही ठिकाणी शिकवतात, ते चूक आहे. तुमच्या आणि त्या संकेतस्थळाच्या मध्ये कोणी ऐकत नाही एवढेच ते चिन्ह सांगते, पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे की लबाड हे सांगत नाही. या गैरसमजामुळेच क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये ते चिन्ह काढून टाकले. दूरध्वनी करून ‘तुमच्या संगणकात बिघाड आहे, मी सांगतो तो प्रोग्रॅम घाला’ असे सांगणाऱ्या अनोळखी माणसाला तुमचा पडदा कधीही दाखवू नका.

संगणक आधी विकत घेऊ नका. तीन आठवडे वर्गातल्या यंत्रावर काढा, म्हणजे आपल्याला काय हवे आहे हे दुकानदाराऐवजी तुम्ही ठरवाल. साध्या कार्यालयीन कामासाठी ८ जीबी मेमरी आणि एसएसडी प्रकारची, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क असलेले यंत्र पुरते, आणि फिरती चकती असलेल्या जुन्या डिस्कवर पैसे वाचवण्यात अर्थ नाही. वापरलेले यंत्र घ्यायचे असल्यास ते विंडोज ११ चालवू शकते का ते पाहून घ्या, कारण विंडोज १० ला कंपनीचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. लॅपटॉप घेतला तरी वेगळा माउस जरूर घ्या. तुमचा चष्मा दुहेरी भिंगाचा असेल, तर पडदा डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा खाली ठेवा, नाहीतर खालच्या भिंगातून पाहण्यासाठी मान मागे टाकून बसावे लागते आणि आठवड्याभरात दुखू लागते. मान दुखते म्हणून वर्ग सोडलेले लोक मला माहीत आहेत, आणि त्यांतल्या कोणालाही आपले दुखणे चष्म्याचे आहे हे ठाऊक नव्हते.

वही ठेवण्याची एक पद्धत सुचवतो. ‘येथे दाबा, मग तेथे दाबा’ असे लिहू नका, कारण पुढच्या आवृत्तीत बटणांची जागा बदलते. पानाच्या माथ्यावर आपले काम लिहा, उदाहरणार्थ ‘साहेबांनी पाठवलेल्या तक्त्यात माझे आकडे भरून परत पाठवणे’, आणि खाली ते काम कोणत्या टप्प्यांनी होते ते स्वतःच्या शब्दांत लिहा: फाइल उतरवणे, जागेवर ठेवणे, उघडणे, भरणे, साठवणे, जोडून पाठवणे. वर्गातल्या काल्पनिक सरावांपेक्षा कार्यालयातले हे खरे काम शिक्षकापुढे नेण्याचा आग्रह धरा; गोपनीय नावे आणि आकडे तेवढे आधी बदलून घ्या. चांगल्या शिक्षकाला त्याचा आनंदच होतो.

प्रमाणपत्र मागितले जात असेल तर मिळवा. नसेल तर त्याच्या परीक्षेसाठी पाठांतरात वेळ घालवू नका. रोजच्या सरावासह साधारण तीन महिन्यांत तुमच्या कार्यालयाची नित्याची कामे तुम्हाला स्वतंत्रपणे करता यावीत, असा माझा अनुभव आहे. ज्या आठवड्यात तुम्ही वर्गात एकही प्रश्न न विचारता परत आलात, त्या आठवड्यात वर्ग थांबवायला हरकत नाही.

राहिली भाची. तिला शिकवायला सांगणे थांबवू नका, पण तिला माउसला हात लावू देऊ नका. ती तुमच्या मागे खुर्ची टाकून बसेल आणि तुम्ही काय करत आहात ते मोठ्याने बोलत कराल, असे ठरवून घ्या. पहिल्या दिवशी ती वैतागेल, कारण फाइल शोधायला तुम्हाला चार मिनिटे लागतील आणि ती कोठे आहे हे तिला बसल्या जागेवरून दिसत असेल. तरीही तिने गप्प बसायचे, आणि तुम्ही विचारलेत तर फक्त ‘शेवटची कोठे ठेवली होती?’ एवढेच विचारायचे.